नाटक मंडळीतल्या खुनाची विनोदी रहस्यकथा कशी रचावी

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात एखाद्या नाटक मंडळीत खून पडतो, तपास सुरू होतो आणि वाचक शेवटपर्यंत हसत राहतो, अशी कथा लिहिण्याची हौस पुष्कळांना असते. बहुतेकांचे हस्तलिखित मात्र दुसऱ्या प्रकरणाशी अडते, कारण खून आणि विनोद ही दोन वेगळी कामे समजून ती आळीपाळीने उरकण्याचा प्रयत्न होतो. माझा पहिला खर्डा असाच फसला होता. त्यात एका पानावर फौजदार गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारी आणि पुढच्या पानावर विदूषक येऊन कोट्या करी. पुढे ध्यानात आले की या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून, म्हणजे चालू प्रयोगातून, काढता येतात. प्रयोग ठरलेल्या क्रमाने पुढे सरकतो, म्हणून तो रहस्याचे वेळापत्रक ठरतो. आणि आकाश कोसळले तरी पडदा वेळेवर वर गेला पाहिजे हा मंडळीचा हट्ट असतो, म्हणून हसू त्यातूनच फुटते.

प्रथम काळ आणि गाव निश्चित करावे. माझी शिफारस १९१३ ते १९२१ या वर्षांतल्या मुंबईची आहे. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श १९०८ पासून होतीच. नट फुटणे, भागीदारी मोडणे, भूमिकेवरून रुसणे ही त्या व्यवसायातली नेहमीची दुखणी असल्यामुळे हेतू शोधायला लांब जावे लागत नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या, एकच रंगपट आणि दोन मॅनेजर, ही मांडणीच रहस्यकथेला आमंत्रण देणारी आहे. तेवढी मांडणी उचलावी. मंडळी, नट आणि नाटक मात्र संपूर्ण कल्पित ठेवावे, कारण ज्यांची छायाचित्रे अजून लोकांच्या दिवाणखान्यात आहेत त्यांच्यावर खुनाचा संशय घेणे वाचकाला रुचत नाही, आणि रुचूही नये.

आता मुख्य कौशल्याकडे वळू. कोण, कुठे, किती वाजता होता, या प्रश्नावर रहस्यकथा उभी असते; संगीत नाटकाची गंमत अशी की त्याचे घड्याळ रबराचे असते. समजा, नायकाचे काम करणारा नट सांगतो की नायिकेचे पद चालू असताना तो रंगपटात पोशाख बदलत होता. पद सहा मिनिटांचे. थिएटरापासून मंडळीच्या बिऱ्हाडापर्यंत जाऊन यायला वीस मिनिटे लागतात. अर्थात तो निर्दोष ठरतो. परंतु त्या रात्री त्या पदाला तीन वन्समोअर मिळाले होते, म्हणजे पद चार वेळा गायले गेले आणि सहाची चोवीस मिनिटे झाली. हा धागा लपवायचा कुठे, हा खरा प्रश्न. त्याचे माझे उत्तर असे की तो विनोदात लपवावा. तिसऱ्या प्रकरणात एखाद्या स्थूल व्यापाऱ्याला कुरकुरू द्यावे, की पिटातल्या, म्हणजे रंगमंचासमोरच्या स्वस्त जागांवरच्या, पोरांनी वन्समोअर मागमागून नाटक लांबवले, शेवटची ट्राम चुकली आणि नवे पंपशू हातात घेऊन आपल्याला गिरगावापर्यंत पायपीट करावी लागली. वाचक पंपशूंवर हसतो आणि वन्समोअर विसरतो. शेवटी फौजदार तेच वाक्य पुन्हा उच्चारतो तेव्हा वाचकाने कपाळाला हात लावला पाहिजे. जो विनोद पुरावा नाही आणि जो पुरावा हसवत नाही, अशी वाक्ये दुसऱ्या खर्ड्यात निर्दयपणे कापावीत.

मुंबई निवडण्याचे आणखी एक कारण घड्याळाशीच निगडित आहे. १९०६ पासून देशात नवी प्रमाणवेळ लागू झाली, रेल्वे त्या वेळेने धावू लागली, पण मुंबई शहराने आपली जुनी ‘मुंबई वेळ’ कित्येक दशके सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. बोरीबंदर स्टेशनावरचे नऊ आणि शहरातले नऊ यांत पाऊण तासाला थोडेच कमी एवढे अंतर! साक्षीदार कोणत्या घड्याळाबद्दल बोलत होता, या एका प्रश्नावर संपूर्ण रहस्य उलगडता येईल. मात्र ही युक्ती आणि वन्समोअरची युक्ती एकाच कथेत वापरू नये. वाचक गणिताची वही घेऊन बसला की हसणे थांबते.

साक्षीदार निवडताना कोणाला कुठून काय दिसते याचा एक साधा नकाशा कागदावर काढावा. ऑर्गनवाला रंगमंचासमोर बसलेला असतो. त्याला नट दिसतो, विंगेत काय चालले आहे ते दिसत नाही. प्रॉम्प्टरला विंगा दिसतात, पण डोळे वहीत असल्यामुळे त्याला फक्त पायच आठवतात: कोणाचे पैंजण, कोणाचा जोडा. पडदे ओढणाऱ्याला वरून सगळे दिसते, पण त्याला कोणी विचारतच नाही. डोअरकीपर आपण कोणालाही फुकट आत सोडले नाही असे शपथेवर सांगतो आणि इथे तो खोटे बोलतो, कारण त्याचा मेहुणा आत होता. प्रत्येकाने एक खोटी गोष्ट सांगावी, परंतु ती खुनाशी नव्हे तर स्वतःच्या लहानशा अब्रूशी निगडित असावी.

मरणारा मनुष्य मंडळीचा मॅनेजर असणे सोयीचे. उचलीचा हिशेब त्याच्या वहीत असतो, आवाज फुटलेल्या पोराला घरी पाठवायचे की नाही हे तो ठरवतो, आणि त्याच्यासाठी कोणी फारसे रडत नाही. विनोदी कथेत हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. वाचकाला ज्याचा लळा लागला आहे त्याला मारू नये.

साधनाच्या बाबतीत हयगय करू नये. नाटकवाले गळा सांभाळण्यासाठी विंगेत ज्येष्ठमध, खडीसाखर, गरम दूध ठेवतात, त्यामुळे विष हे पहिले सुचते. धोतऱ्याने तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात आणि माणूस भ्रमिष्टासारखा बरळतो. पण तो मरेलच असे सांगता येत नाही. म्हणून धोतरा फसलेल्या पहिल्या प्रयत्नासाठी ठेवावा: खलनायकाचे काम करणारा नट चुकून ते दूध पितो, भर प्रवेशात नसलेल्या फुलपाखरांना हाकलू लागतो आणि प्रेक्षक त्या अभिनयाला टाळ्या देतात. खरा खून पुढच्या अंकात व्हावा. प्रेत सापडण्याचा प्रसंगही प्रयोगातूनच घडवावा. बागेचा पडदा अर्ध्यावर येऊन अडतो. ओढणारा दोर खेचतो. पडदा हलत नाही. तो आणखी जोराने खेचतो, तेव्हा नायिकेच्या पायाशी एक पगडी टपकन पडते आणि पिटात हशा पिकतो. नायिका ती पगडी ओळखते, क्षणभर थांबते, उचलून पदराआड धरते आणि पद पूर्ण करते. एवढेच लिहावे, प्रेताचे वर्णन नको.

नायिका पुरुष आहे, हे इथे विसरू नये, पण त्यावर कोट्याही करू नयेत. त्या काळात स्त्रीपार्टी नटाला पाहून कोणी फिदीफिदी हसत नसे. बालगंधर्वांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करीत. त्याचा उपयोग तपासासाठी करावा: मागच्या दाराने नऊवारीतली एक बाई जाताना पानवाल्याने पाहिली, आणि मंडळीत त्या वेळी नऊवारीत सात जण होते. गोंधळ होतो तो फौजदाराचा, चेष्टा होते ती त्याच्या चौकशीपत्रकाची, ज्यात ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ असे दोनच रकाने आहेत.

फौजदार मूर्ख नसावा, नाटकवेडा असावा. जबानी घेताना तो नटाला अमुक पदाची एक ओळ म्हणून दाखवायला सांगतो. वाचकाला ती हौस वाटते, प्रत्यक्षात तो दमसास किती टिकतो हे तपासत असतो. मुंबईत संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनरपुढे, ज्युरी बसवून होत असे. त्या ज्युरीत दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे चाहते बसवले तर एका प्रकरणाची सोय झाली. संवाद त्या काळाच्या वळणाचे असावेत: मालकांना ‘अण्णा’ किंवा ‘नाना’, धाकट्या नटाला ‘अरे पोरा’, फौजदाराला ‘रावसाहेब’. ‘ओके’ आणि ‘सॉरी’ हे शब्द मात्र चुकूनही शिरू देऊ नयेत.

उलगड्यासाठी सर्वांना दिवाणखान्यात बसवण्याची गरज नाही. रिकाम्या थिएटरात तोच अंक पुन्हा करवून घ्यावा, फौजदाराने पहिल्या रांगेत घड्याळ हातात धरून बसावे आणि प्रत्येक वेळी पद संपताच स्वतःच ओरडावे, “वन्समोअर!” तिसऱ्या वेळी आपल्या जागी नसलेला नट कोण हे सगळ्यांना कळते. अटक लगेच करू नये. रात्रीच्या खेळाची तिकिटे विकली गेलेली असतात आणि बदली नट तापाने अंथरुणाला खिळलेला असतो, तेव्हा मालक रावसाहेबांना भरतवाक्यापर्यंत, म्हणजे नाटकाच्या शेवटच्या पदापर्यंत, थांबण्याची विनंती करतात आणि रावसाहेब पास किती मिळतील ते विचारतात.

खर्डा पूर्ण झाल्यावर तो चार जणांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि पगडी पडते तिथे थांबून प्रत्येकाला संशयिताचे नाव चिठ्ठीवर लिहायला सांगावे. चारही चिठ्ठ्यांवर एकच नाव आले तर ट्रामचे वाक्य फार ठळक झाले आहे, तेव्हा व्यापाऱ्याचे पंपशू थोडे आणखी चावू द्यावेत.