घरी बसून कॅटची तयारी करताय? आधी या चुका टाळा

दिवाळीत सोलापूरला गेलो की गल्लीतली दोन-तीन पोरं हमखास घरी येतात. कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएची प्रवेश परीक्षा, महिन्यावर आलेली असते आणि तक्रार ठरलेली असते : "दादा, रोज सहा तास बसतोय, पण मॉकमधले (सराव परीक्षेतले) मार्क काही हलेनात." सहा तासांत नेमकं काय करतोस, असं विचारलं की जरा अडखळत उत्तर येतं, व्हिडिओ बघतो.

मीही पहिल्या वर्षी तेच केलं आणि सपशेल आपटलो. पुण्यात खोली घेऊन क्लास लावणं परवडणारं नव्हतं म्हणून घरीच अभ्यास करायचं ठरवलं. तो निर्णय चुकला नव्हता. घरी आपली चूक दाखवणारं कुणी नसतं आणि ती सोय आपणच करायची असते, हे उमगायला मात्र वर्ष गेलं.

उत्तर समजलं म्हणजे गणित आलं, असं नाही

स्वतः शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. उत्तर वाचायचं, मान डोलवायची, पुढचं गणित घ्यायचं. संध्याकाळी ४० गणितं झाल्याचं समाधान मिळतं, पण त्यातली आपण सोडवलेली दहाही नसतात.

साधं उदाहरण घ्या. अ एक काम १२ दिवसांत करतो, ब १८ दिवसांत. हे सगळ्यांना येतं. आता काम संपायच्या ३ दिवस आधी ब निघून गेला, तर एकूण किती दिवस लागतील? उत्तर पाहिलं तर अगदी सोपं आहे. काम ३६ भागांचं धरा. अ दिवसाला ३ भाग करतो, ब २. ब शेवटपर्यंत थांबला असता तर आणखी ६ भाग झाले असते, म्हणून ३६ मध्ये ६ मिळवा आणि ४२ ला ५ ने भागा. ८.४ दिवस. पण हेच गणित उद्या सकाळी कोऱ्या कागदावर घ्या. हे ६ भाग मिळवायचे की वजा करायचे, इथे बरेच जण अडतात.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी एक नियम केला. दहा मिनिटं स्वतः झटापट केल्याशिवाय उत्तर उघडायचं नाही. उघडलंच, तर वहीत अख्खं उत्तर उतरवायचं नाही, आपण कुठे अडलो ती एक ओळ लिहायची : "आधी निघून गेला म्हणजे काम मिळवायचं, मी वजा केलं." आणि तीन दिवसांनी तेच गणित पुन्हा. ही चुकांची वही हाच माझा क्लास होता.

"आधी सिलॅबस संपवतो, मग मॉक देतो"

सिलॅबस संपत नाही. "काय बे, झाला का सिलॅबस?" असं कट्ट्यावर विचारलं की सप्टेंबरातसुद्धा उत्तर तेच असतं, थोडाच राहिलाय. जूनमध्ये निम्मा झाला असला तरी पहिला मॉक देऊन टाका. मार्क लाजिरवाणे येतील, येऊ द्या.

मॉक दोन तासांचा असेल तर तो तपासायला चार तास ठेवा. प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा : येतच नव्हता, येत होता पण वेळ खाल्ला, येत होता पण हातच लावला नाही, की घाईत चुकला. तिसऱ्या प्रकाराकडे कुणी बघत नाही. डेटा इंटरप्रिटेशन-लॉजिकल रीझनिंगमध्ये (तक्ते, आलेख आणि तर्काच्या प्रश्नांत) तर सगळा खेळ त्याचाच आहे. एकाच माहितीवरच्या प्रश्नांचे असे चार-पाच संच असतात. पहिल्यालाच चिकटून २५ मिनिटं घालवली आणि शेवटचा सोपा संच वाचलाच नाही, तर बुद्धी कमी पडली असं नव्हे, निवड चुकली. पहिली चार-पाच मिनिटं सगळे संच नुसते वाचण्यात घालवा. जिवावर येतं, पण घालवा.

मॉक कॉम्प्युटरवर द्या, मोबाईलवर नको. परीक्षेत कॅल्क्युलेटर पडद्यावरचा असतो आणि तो माउसने चालवावा लागतो. बरोबर दोन तास, मध्ये चहा नाही. आणि हो, घरी पाण्याचा दिवस असेल त्या दिवशी मॉक ठेवू नका. काही दिवसांनी नळ आल्यावर सोलापुरातल्या घरात कोण कुणाला अभ्यास करू देतं? पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात राहणाऱ्यांनी मात्र आवाजाची तक्रार करू नये. शेजारी माउस आपटणारा परीक्षेतही भेटतो.

जास्त प्रश्न, कमी मार्क

कॅटमध्ये बरोबर उत्तराला ३ मार्क, पर्याय निवडायच्या प्रश्नात चुकलं तर १ मार्क वजा. एकाने २० सोडवले, १२ बरोबर, ८ चूक : २८ मार्क. दुसऱ्याने १४ च सोडवले, १२ बरोबर, २ चूक : ३४. चार पर्यायांतून डोळे मिटून ठोकलं तर सरासरी हाती शून्य येतं. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर मात्र अंदाज थोडा फायद्यात जातो. ज्यात उत्तर टाइप करायचं असतं त्या प्रश्नांना वजा मार्क नाहीत, ते कोरे सोडण्यात काहीच अर्थ नाही.

एमबीए सीईटीला, म्हणजे राज्यातल्या कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेला, हीच सावधगिरी नेलीत तर बुडालात. तिथे १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि वजा मार्क नाहीत. तिथे एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. शिवाय आकृत्यांचे २५ प्रश्न असतात, त्यांची सवय कॅटच्या अभ्यासातून होत नाही. दोन्ही देणार असाल तर कॅट झाल्यावर सीईटीचा वेग वेगळा कमवावा लागतो.

इंग्रजीची भीती आणि शब्दांच्या याद्या

घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी, असं आपल्याकडे कितीतरी पोरांचं असतं. मग भीतीपोटी ते शब्दांच्या याद्या पाठ करत बसतात. कॅटमध्ये थेट शब्दार्थ जवळपास विचारतच नाहीत. इंग्रजीच्या २४ प्रश्नांत अलीकडे १६ उताऱ्यांवरचे असतात. मला उपयोगी पडलं ते असं : रोज एक लांब इंग्रजी लेख वाचायचा आणि प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं मराठीत एका वाक्यात लिहायचं. मराठीत लिहिता येत नसेल, तर तो परिच्छेद समजलेलाच नाही. तीन-चार महिने लागतात. आधी फरक दिसत नाही.

कागदपत्रं

ही अभ्यासातली चूक नाही, पण वर्ष हिनेही जातं. कॅटचा फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरतात. ओबीसीतून भरणार असाल तर नॉन क्रिमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातला हवा आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला हवा. राज्याच्या कॉलेजांसाठी काढलेला चालत नाही. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असंही नाही, ते आधी तपासा. सेतूत जुलैमध्येच जा. ऑगस्टमध्ये गेलात तर रांगेतच मॉकची उत्तरं तपासत उभं राहावं लागेल.