आग लागायच्या आधी बिल्डिंग कशी बघून ठेवायची

ऑफिसात बसून नकाशावरून रिस्क ठरवायचा विचार असेल तर सोडून द्या, नकाशात बिल्डिंग बांधली कशी ते असतं, आज तिथं काय चाललंय ते नसतं. पार्किंग म्हणून दाखवलेल्या बेसमेंटमध्ये फोमच्या गाद्या रचलेल्या निघाल्या की सगळं गणितच बदलतं. म्हणून पायी फिरायचं, आणि जमलं तर दोनदा, दिवसा एकदा आणि रात्री एकदा, कारण कुठल्या गेटला कुलूप लागतं, गाड्या लावल्यावर बंब कुठं अडकतो आणि आत झोपायला कोण कोण असतं हे रात्रीच कळतं.

आधी बाहेरून पूर्ण चक्कर मारा. शिडीची गाडी कुठं उभी राहील, वरून वायरी गेल्यात का, आणि जिथं ती उभी करणार तिथं खाली पाण्याची टाकी असेल तर वरचा स्लॅब गाडीचं वजन पेलेल का (हे हमखास विसरतात). खिडकीला ग्रिल असेल तर ती बाहेर पडायची वाट म्हणून मोजायची नाही.

आत गेल्यावर मान वर करा. फॉल्स सीलिंगची एक टाईल सरकवून बघाच, वर मोकळी पोकळी असेल तर आग डोक्यावरून पुढं निघून जाते आणि खाली पत्ताच लागत नाही. उघडं स्टील दिसलं तर लक्षात ठेवा, साधारण 550 अंश सेल्सिअसला त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि पेटलेल्या खोलीत एवढं तापमान व्हायला फार वेळ लागत नाही. मग जिने, लिफ्टची विहीर, डक्ट, केबलसाठी पाडलेली आणि कुणीच न बुजवलेली भोकं. धूर वर जातो तो इथूनच.

पाण्याचा अंदाज काढायला एक ढोबळ हिशोब आहे, पेटलेल्या भागाची लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले 3, म्हणजे मिनिटाला किती अमेरिकन गॅलन लागतील ते. 60 बाय 30 चा मजला पूर्ण पेटला तर 600 गॅलन, म्हणजे साधारण 2,270 लिटर मिनिटाला! 4,500 लिटरचा बंब दोन मिनिटांत रिकामा, त्यामुळे जवळचा हायड्रंट, म्हणजे बंबात पाणी भरायचा नळ, किती लांब ते पावलांनी मोजून लिहा. वरच्या मजल्यांसाठी दर 10 मीटर उंचीला जवळपास 1 बार प्रेशर जातं तेही धरा. रायझर, म्हणजे मजल्यांवर पाणी नेणारा उभा पाईप, आहे एवढं ऐकून खूश होऊ नका, तिथल्या माणसाला वॉल्व्ह उघडून दाखवायला सांगा.

गॅस कुठला तेही विचारा, एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून खाली साचतो, पाईपचा नॅचरल गॅस हलका म्हणून वर जातो. छतावर सोलर असेल तर मेन स्विच पाडला तरी उजेड असेपर्यंत पॅनेलच्या वायरीत करंट असतो, लाल पेनाने लिहा.

हे सगळं एका कागदावर, चित्र मोठं आणि अक्षरं कमी, पळत्या गाडीत टॉर्चच्या उजेडात वाचता आलं पाहिजे. वर तारीख टाका, आणि भाडेकरू बदलला की परत चक्कर.