बऱ्याच वर्षांनंतर स्कीइंगकडे वळताना : साहित्याच्या निवडीची तयारी

माळ्यावर जुने बूट, स्की किंवा गॉगल जपून ठेवलेले असतील, तर नवे काही घेण्याआधी ते खाली काढून त्यांचा निकाल लावावा. तरुणपणी मनाली, गुलमर्ग किंवा औलीला पंधरवड्याचा अभ्यासक्रम करून आलेल्या आणि पुढे नोकरी, शेती, मुलांची शिक्षणे यांत वीस-पंचवीस वर्षे बर्फाकडे न फिरकलेल्या माणसाच्या घरात असे एखादे गाठोडे बहुधा निघतेच. स्कीच्या बुटाचे कवच बरेचदा पॉलियुरेथेनचे असते. हे प्लास्टिक दमटपणाने आणि उष्णतेने आतून जीर्ण होत जाते, आणि जळगाव-भुसावळच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली गेलेली वर्षे त्याला मुळीच मानवलेली नसतात. बाहेरून धडधाकट दिसणारा असा बूट कडाक्याच्या थंडीत बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या खटक्यात, दाबताना तडकू शकतो. बाइंडिंगचीही तीच कथा आहे : आतले वंगण वाळते, प्लास्टिकचे भाग ठिसूळ होतात, आणि बनवणाऱ्या कंपन्याच काही वर्षांनी जुन्या बाइंडिंगांची जबाबदारी काढून घेत असल्यामुळे परदेशातील जाणकार दुकाने त्यांना हात लावायलाही तयार नसतात. गॉगलच्या फोमचा भुगा झालेला असतो. तेव्हा हे सारे आठवण म्हणून ठेवायचे असेल तर ठेवावे, बर्फावर मात्र नेऊ नये.

त्यानंतरची पायरी पायाचे माप घेण्याची आहे, आणि इथे घाई करू नये, कारण साऱ्या साहित्यात बुटाइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही. ‘आठ नंबर’, ‘नऊ नंबर’ हे चपलेच्या दुकानातले माप इथे चालत नाही; स्कीचे बूट मोंडोपॉइंट पद्धतीने, म्हणजे पायाच्या सेंटिमीटरमधील लांबीनुसार मिळतात. संध्याकाळी, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असताना, टाच भिंतीला टेकवून आणि पूर्ण भार देऊन उभे राहावे, सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी जमिनीवर खूण करावी आणि भिंतीपासूनचे अंतर मोजावे. दोन्ही पाय मोजावेत. ते सहसा सारखे नसतात. वय वाढते तशी पायाची कमान थोडी बसते आणि पाय लांब-रुंद होतो, त्यामुळे पूर्वीचे माप पाठ असले तरी त्याच्यावर विसंबू नये. चवड्याची रुंदीही टिपून ठेवावी. आपल्याकडे आयुष्य चपलेत गेलेले असल्यामुळे चवडे पसरट असण्याचा संभव मोठा, आणि बुटांच्या आतील रुंदी साधारण ९७ ते १०४ मिलिमीटर या टप्प्यात येत असल्यामुळे अशा पायाने अरुंद बुटाच्या नादी लागू नये; १०२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद बूट मागावा.

बूट घालून पाहताना तो आधी पूर्ण पायात न घालता आतला मऊ बूट, म्हणजे लायनर, बाहेर काढून नुसत्या कवचात पाय घालावा. पायाची बोटे पुढे जेमतेम टेकलेली असताना टाचेमागे हाताची एक ते दोन बोटे जातील एवढीच जागा राहावी. तीन बोटे सहज मावली तर बूट मोठा आहे, मग दुकानदार काहीही म्हणो. लायनर घालून बक्कल लावल्यावर ताठ उभे राहिले असता बोटांचा पुढे स्पर्श व्हावा आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेटताच तो स्पर्श सुटावा, ही योग्य मापाची खूण समजावी. बऱ्याच वर्षांनी परतणारा माणूस ‘आता वयाला आराम हवा’ म्हणून एक-दोन माप मोठा बूट घेतो. त्यात टाच उचलते, ती धरून ठेवण्यासाठी बक्कल आणखी आवळली जाते, आणि तासाभरात पाऊल बधिर होते. नेमका बूट सुरुवातीला घट्ट वाटतो, आणि वापराने लायनर दबून तो पायाला जुळतो. अर्धे माप कितपत उपयोगाचे याबद्दलही फार विचार करू नये, कारण बहुतेक कंपन्यांत २७ आणि २७.५ यांचे कवच एकच असते.

बुटाचा कडकपणा फ्लेक्सच्या आकड्याने सांगितला जातो. परतणाऱ्या मध्यमवयीन पुरुषाला ८० ते १०० आणि स्त्रीला ७० ते ९० हा टप्पा साधारणपणे पुरतो, वजनदार माणसाने थोडा वरचा आकडा पाहावा. हे आकडे कंपन्यांमध्ये एकसारखे नसतात, म्हणून एका कंपनीच्या ९० वरून दुसरीचा ९० ताडू नये. शिवाय थंडीत प्लास्टिक आणखी ताठ होते, हे दुकानातल्या उबेत विसरायला होते.

आता बूट विकत घ्यावा की भाड्याने, हा प्रश्न उरतो. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये स्कीचे बूट पायावर बसवून देणारा कारागीर नाही, आणि मापे टाकून घरबसल्या मागवलेला बूट हा निव्वळ जुगार आहे. माझ्या मते दरवर्षी जाण्याचे पक्के असेल, आणि दिल्लीत वा परदेशात जाणकार माणसासमोर तासभर बसून बूट निवडता येत असेल, तरच तो विकत घ्यावा. एरवी मापांचा कागद, स्वतःचे मोजे आणि स्वतःच्या कमानीला आधार देणारा इनसोल बरोबर नेऊन भाड्याच्या बुटात तो इनसोल घालावा. एवढ्यानेही फरक पडतो. बूट विकत घेतलेच, तर डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी ते घालून अर्धा-पाऊण तास घरात बसावे. फरशीवर त्यांचा तळवा घसरतो, म्हणून पायांखाली सतरंजी असू द्यावी.

मोजे गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे, पातळ, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे असावेत, आणि एका पायात एकच असावा. दोन मोजे घातल्याने पाय गरम राहत नाही. उलट रक्तप्रवाह आवळला जाऊन तो अधिक गार पडतो. आतल्या उबदार पायजम्याची पट्टी बुटात जाणार नाही अशी वर सरकवावी, कारण नडगीवर आलेली तिची एक घडी दिवसभर टोचत राहते. नखे आदल्या दिवशी कापावीत. खानदेश कापसाचा मुलूख असला, तरी या यादीत सुताला जागा नाही : सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स घाम शोषून ओली राहतात आणि अंगातली ऊब ओढून घेतात. आत लोकर किंवा पॉलिएस्टर, मध्ये फ्लीस, आणि वर वाऱ्याला व पाण्याला दाद न देणारे जॅकेट व पँट, असे तीन थर पुरेत. गळ्याला मफलर किंवा उपरणे गुंडाळण्याची सवय मात्र घरीच ठेवावी. त्याची लोंबती टोके ओढणाऱ्या दोराच्या लिफ्टमध्ये अडकतात. त्याऐवजी डोक्यातून घालायचा नळीसारखा गळपट्टा घ्यावा.

स्कीच्या बाबतीत जुन्या माणसाला सर्वांत मोठा धक्का लांबीचा बसतो. पूर्वी हात वर करून मनगटापर्यंत पोहोचणारी, दोन मीटरच्या आसपासची सरळ पट्टी हीच आपली स्की, असे शिकवले जाई. १९९०च्या दशकात, १९९३च्या सुमारास स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने आणलेल्या एससीएक्स नावाच्या स्कीपासून, टोके रुंद आणि कंबर बारीक असलेली आखूड स्की रूढ होत गेली. कडेवर कलवली की ती स्वतःच कमानीत वाकते आणि वळण घेते, त्यामुळे पूर्वीसारखे अंग उचलून टाच फेकण्याचे कष्ट उरत नाहीत. आजचा नियम हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यानच्या उंचीचा आहे, आणि परतणाऱ्याने त्यातले खालचे टोक धरावे. म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाने १५५ ते १६० सेंटिमीटरची स्की मागितली तर त्यात कमीपणा काहीच नाही. कंबर ७० ते ८० मिलिमीटर असावी, कारण दाबून सपाट केलेल्या उतारावर अशी स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन जाते. ९५-१०० मिलिमीटरच्या रुंद स्की भुसभुशीत ताज्या बर्फासाठी असतात आणि पहिल्या आठवड्यात त्या गुडघ्यांवर ओझे टाकतात. वळणाची त्रिज्या स्कीवर छापलेली असते. १२ ते १५ मीटर असेल तर उत्तम. दोन्ही पाय जोडून चालवण्याची जुनी ढब या स्कींना सोसत नाही, पाय कमरेच्या रुंदीइतके अलग ठेवावे लागतात.

स्की मात्र विकत घेऊ नये, असे स्पष्ट सांगावेसे वाटते. खानदेशातून वर्षातून फार तर आठवडाभर जाणाऱ्याला त्या परवडत नाहीत, आणि नेणेही अवघड असते. रेल्वेच्या नियमांत डब्यात सोबत न्यायच्या पेटीची लांबी फार तर १०० सेंटिमीटर धरलेली आहे, आणि देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान जाते, ज्यातले पाच-सहा किलो बाइंडिंगसकट स्कीच खातात. भाड्याची जोडी हातात घेतल्यावर तिच्या पोलादी कडांवरून नखाची पाठ हलकेच आडवी फिरवावी. नखाचा बारीक कीस निघाला तर कड धारदार आहे, नुसती घसरली तर बोथट आहे. गंजाचा लालसर थर, तळाला कडेपर्यंत गेलेली खोल चीर किंवा टोकाशी उकललेले थर दिसले, तर जोडी परत करावी.

बाइंडिंग लावून घेताना सर्वाधिक सावध राहावे. बूट स्कीवर धरून ठेवणे आणि पडताना वेळेत सोडणे, ही दोन्ही कामे त्याच्याकडे असतात. किती जोराला सुटायचे हे डिन नावाच्या आकड्यावर ठरते, आणि तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि चालवण्याचा प्रकार या पाच गोष्टींवरून तक्त्यात पाहून काढायचा असतो. भाड्याच्या दुकानांत अनेकदा माणसाकडे वरखाली पाहून स्क्रूड्रायव्हर फिरवला जातो, म्हणून या पाच गोष्टी चिठ्ठीवर लिहूनच न्याव्यात. तळव्याची लांबी बुटाच्या टाचेजवळ बाजूला मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३१५. वजन लग्नातले न सांगता आजचे सांगावे. चालवण्याच्या तीन प्रकारांत पहिला सावधांचा, तिसरा वेगवानांचा. बऱ्याच वर्षांनी येणाऱ्याने अभिमान गिळून पहिला सांगावा, म्हणजे बाइंडिंग लवकर सुटते. वय ५० किंवा त्याहून अधिक असल्यास तक्ता स्वतःच एक पायरी सौम्य होतो, त्यामुळे वय लपवण्यात नुकसान आपलेच आहे. एवढे करूनही बाइंडिंग मुख्यतः नडगीचे हाड वाचवते, गुडघ्यातील अस्थिबंधाची हमी देत नाही, हे ध्यानात ठेवून शारीरिक तयारी वेगळी करावी. सातपुड्यात तोरणमाळसारख्या ठिकाणी चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव त्यासाठी अधिक कामाचा. नव्या बुटांचे ग्रिपवॉक नावाचे रबरी, किंचित वाकडे तळवे प्रत्येक बाइंडिंगला चालत नाहीत, म्हणून स्वतःचा बूट नेणाऱ्याने हे आधीच विचारावे.

काठ्यांचे काम सोपे आहे. काठी उलटी धरून चकतीच्या लगेच खाली मुठीत घ्यावी आणि कोपर काटकोनात आले की माप जुळले.

हेल्मेट पूर्वी कोणी घालत नसे, आता मात्र त्याशिवाय उतरू नये. ते स्वतःचेच घ्यावे, आणि आत ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ२०४० या मानकाची चिठ्ठी आहे ना ते पाहावे. मोटारसायकलचे हेल्मेट जड असते आणि त्यात ऐकूही नीट येत नाही. पट्टा न लावता डोके हलवल्यावर ते कपाळाच्या कातडीसकट हलले पाहिजे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट भाड्याने मिळाले तरी ओळखू येत नाही, हेच विकत घेण्याचे कारण. गॉगल त्याच वेळी हेल्मेटवर लावून पाहावा, मध्ये कपाळाची उघडी पट्टी राहू नये. चाळिशी लागलेल्यांनी चष्म्यावर बसणारा खोल चौकटीचा गॉगल निवडावा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून उतार पाहिला की अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून शक्य असल्यास केवळ दूरच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्यावा. स्वच्छ उन्हासाठी एस३ ही गडद काच, ढगाळ दिवसासाठी एस१ किंवा एस२ ही फिकी. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे उन्हाची सवय असलेल्या खानदेशी माणसानेही नाकाखाली, हनुवटीखाली आणि ओठांना सनस्क्रीन लावावे. गुलमर्गच्या गंडोल्याचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचा, वरचा टप्पा अफरवटच्या अंगाने सुमारे ३,९०० मीटरपर्यंत नेतो. तिथल्या हिमस्खलनाच्या उतारांना ट्रान्ससीव्हर (गाडला गेलेला माणूस शोधण्याचे रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब सळई), फावडे आणि जाणता वाटाड्या लागतो, तेव्हा बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्याने तो टप्पा या खेपेस यादीबाहेर ठेवावा.

झेलम एक्स्प्रेस जळगाव-भुसावळवरूनच जम्मूच्या दिशेने जाते, आणि तीत न्यायचे सामान, म्हणजे हेल्मेट, गॉगल, हातमोजे, मोजे, इनसोल आणि मापांची चिठ्ठी एवढे एका पाठपिशवीत बसते. स्वतःचा बूट असलाच तर तो विमानात हातातल्या सामानात घ्यावा, कारण हरवलेली स्की भाड्याने मिळते, पायावर बसलेला बूट मिळत नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत स्की लांब वाटली किंवा बूट दुखला, तर संकोच न करता त्याच दिवशी बदलून मागावा. पूर्ण आठवड्याचे भाडे आधीच दिले असेल, तर बदलाची मुभा पावतीवर लिहून घेतलेली असावी. रात्री लायनर बाहेर काढून उबदार खोलीत वाळवावे, बुखारीला, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीला, टेकवून ठेवू नये, आणि कोरडे झाल्यावर कवचात घालून बक्कल सैलसर लावून ठेवावी, म्हणजे सकाळी कवच पसरलेले नसते.