ग्रीग ऐकायचाय? मग साल बघून ऐका

नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग म्हटलं की जो तो यूट्यूबवर 'मॉर्निंग मूड' लावतो. सुंदर आहेच, पण सुरुवात तिथून नका करू (आणि ऐकताना नॉर्वेचे डोंगर डोळ्यासमोर आणू नका, ही रचना ज्या नाटकासाठी आहे त्या इब्सेनच्या 'पेर गिंट'मध्ये ती सकाळ आफ्रिकेतली आहे). हा माणूस नुसता गोड चाली बांधणारा नव्हता, संस्था उभ्या करायचा, वेळ आली की भूमिका घ्यायचा, आणि हे माहीत असलं की ऐकण्यात फार फरक पडतो.

पहिल्यांदा १८६६ चा शोकमार्च लावा, रिकार्ड नूरड्राकसाठी लिहिलेला. नूरड्राक म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रगीताला चाल देणारा, त्यानेच ग्रीगला आपल्या मातीतल्या सुरांकडे वळवलं आणि २३ व्या वर्षी गेला. ग्रीगच्या स्वतःच्या अंत्ययात्रेत, १९०७ मध्ये, हाच मार्च वाजला.

मग १८६८ चा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवायची मोठी रचना. सुरुवातीला ढोल घुमतो आणि पियानो वरून खाली कोसळतो ना, तिथले पहिले तीन स्वर पकडा: सां, शुद्ध नी, प. ही उतरंड ग्रीगकडे पुन्हा पुन्हा भेटते, एकदा कानात बसली की तुम्ही न बघता ग्रीग ओळखाल.

पुढे १८७१ मध्ये त्याने ख्रिस्तियानियात, म्हणजे आताच्या ऑस्लोत, म्युझिक सोसायटी काढली, आजच्या ऑस्लो फिलहार्मोनिकचं मूळ तेच. १८९८ ला बर्गनमध्ये नॉर्वेच्या संगीताचा महोत्सव भरवला तर ऑर्केस्ट्रा चक्क अ‍ॅमस्टरडॅमहून आणला, त्यावरून प्रचंड वाद झाला पण तो हटला नाही, आपलं संगीत एकदा तरी उत्तम वाजलेलं आपल्या लोकांनी ऐकावं एवढंच त्याचं म्हणणं. मला हे राष्ट्रप्रेम जास्त खरं वाटतं.

आता १८९९. ड्रेफस या निरपराध ज्यू लष्करी अधिकाऱ्याला फ्रान्समध्ये देशद्रोहाच्या आरोपात दुसऱ्यांदा दोषी ठरवलं, याच्या निषेधात पॅरिसमध्ये कार्यक्रम करायचं आमंत्रण ग्रीगने सरळ नाकारलं. ते पत्र छापून आलं, लोक खवळले. १९०३ च्या एप्रिलमध्ये तो पॅरिसच्या स्टेजवर आला तेव्हा आधी शिट्ट्या आणि आरडाओरडा, त्याने शांतपणे थांबून मग संगीत सुरू केलं. त्याच मुक्कामात त्याने स्वतः पियानो वाजवून रेकॉर्डिंग केलंय, 'वेडिंग डे अ‍ॅट ट्रोल्डहाउगन' शोधा. खरखर खूप आहे, हेडफोन लावा, साठीच्या घरातला, एकाच फुप्फुसावर जगलेला माणूस किती चपळ वाजवतो बघा.

शेवटी ओपस ७२ (म्हणजे त्याची ७२ क्रमांकाची रचना), गावाकडच्या नाचाच्या चाली. या मूळच्या हार्डांगर फिडलच्या, म्हणजे नॉर्वेच्या लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या, आणि त्या फिडलला आपल्या सारंगीसारख्या खाली तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या तारा असतात. आधी फिडलवर ऐका, मग लगेच पियानोवर, तरफेची ती गुंज त्याने पियानोत कशी आणलीय ते डाव्या हातात सापडेल.