ब्रायटन: नावाच्या या चुका टाळा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे गाव आपल्याकडे विद्यार्थ्यांमुळे आणि फुटबॉलमुळे बऱ्यापैकी माहीत झालं आहे. नाव सोपं वाटतं, म्हणूनच त्यात चुका होतात.

सगळ्यात मोठी चूक अर्थाची. ब्राइट म्हणजे चकचकीत, टन म्हणजे टाऊन, म्हणून ब्रायटन म्हणजे ‘झगमगतं शहर’. फोटोखाली टाकायला हे छान दिसतं, पण ते खरं नाही. 1086 सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या त्या जुन्या जमीन-नोंदवहीत, हे गाव ‘ब्रिस्टेल्मेस्तुने’ असं आहे. पुढे ते ‘ब्राइटहेल्मस्टन’ झालं. बेओर्ह्टहेल्म नावाच्या कुणा माणसाची ही ‘तून’, आणि तून म्हणजे कुंपण घातलेलं शेतघर, वस्ती. सावंतांची वाडी ती सावंतवाडी, तसं बेओर्ह्टहेल्मची वाडी ते ब्रायटन. आता गंमत अशी की त्या माणसाच्या नावातला ‘बेओर्ह्ट’ म्हणजे तेजस्वीच, आणि ‘हेल्म’ म्हणजे शिरस्त्राण. म्हणजे ब्राइट नावात आहे, पण तो गावाचा नाही, मालकाचा! लोकांच्या तोंडी हे लांबलचक नाव झिजत गेलं आणि 1810 मध्ये ‘ब्रायटन’ अधिकृत झालं.

उच्चारात ‘जीएच’ मुका आहे. ‘ब्रिगटन’ किंवा ‘ब्राइगटन’ म्हणणारे अजून भेटतात. लाईट म्हणताना आपण कुठे ‘लिघ्ट’ म्हणतो? तेच इथे. दुसरी अडचण शेवटच्या ‘टन’ची. आपण तो वजनाच्या टनासारखा भरभक्कम म्हणतो. तिथे सगळा जोर ‘ब्राय’वर असतो, नंतरचे ट आणि न जवळजवळ चिकटतात, ‘ब्रायट्न’ असे. पुष्कळ जण तर तो ट घशातच गिळतात. आपण त्यांची नक्कल करायची गरज नाही. लिहिताना मात्र ब्रायटनच लिहा. ‘ब्रायट्न’ छापलेलं पाहिलं की मुद्रितशोधनाची चूक वाटते.

शेजारच्या गावाचं नाव होव. ते ‘स्टोव्ह’च्या यमकात म्हणायचं, ‘लव्ह’च्या नाही. 1997 मध्ये दोन्ही गावांची नगरपालिका एक झाली आणि 2000 साली ‘ब्रायटन अँड होव’ या जोडनावाला शहराचा दर्जा जाहीर झाला. त्यामुळे सरकारी अर्थाने ‘सिटी’ म्हणायचं तर जोडीने म्हणा. होवकरांना ब्रायटनकर म्हणू नका. “ब्रायटनला राहता का?” असं विचारलं की “होव, ॲक्चुअली” हे त्यांचं उत्तर तिथे विनोद म्हणूनच प्रसिद्ध आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या लोकांना हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

फुटबॉल क्लबाच्या नावातही दोन्ही गावं आहेत: ब्रायटन अँड होव ॲल्बियन. यातला ॲल्बियन म्हणजे तिसरं गाव नव्हे, ब्रिटनचं ते प्राचीन नाव आहे.

पत्ता लिहिताना ‘ब्रायटन, लंडन’ नको. ते लंडनच्या दक्षिणेला साधारण 75 किलोमीटरवर, ससेक्समध्ये आहे. आणि नुसतं ‘ब्रायटन बीच’ शोधलंत तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली वस्ती समोर येऊ शकते. किनाऱ्यावरची रंगीबेरंगी लाकडी खोपटी दिसली तर तो बहुतेक मेलबर्नचा ब्रायटन. इंग्लंडमधल्या मूळ ब्रायटनच्या किनाऱ्यावर गोटेच गोटे आहेत. चौपाटीची वाळू डोक्यात ठेवून अनवाणी उतरलात तर तळपाय बोलतील.

शेवटची चूक उलट्या दिशेची. तिथल्या पाटीवर रोमन लिपीत ‘चट्री’ वाचून पुढे जाऊ नका, ती आपली छत्री आहे. पावसाची नव्हे, पुण्याच्या वानवडीत महादजींची आहे तशी, स्मारकाची. पहिल्या महायुद्धात ब्रायटनचा घुमटांचा राजवाडा, रॉयल पॅव्हिलियन, जखमी हिंदी सैनिकांचं रुग्णालय झाला होता. (इथे पॅव्हिलियन म्हणजे क्रिकेटचं नव्हे.) उपचार चालू असताना वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेरच्या टेकाडावर, पॅचमजवळ, अग्नी दिला. त्याच जागी 1921 मध्ये पांढऱ्या संगमरवराची ही छत्री उभी राहिली. तिथे वाट विचारताना ‘चट्री’ म्हणावं लागेल. घरी सांगताना छत्रीच म्हणा.