एआय सहायकाला प्रकल्प शिकवताना या चुका टाळा

"एआय आमचं ऐकतच नाही." कोड लिहिणारा एआय सहायक वापरणाऱ्या आणि गेल्या वर्षभरात माझ्याकडे मदतीसाठी आलेल्या जवळपास प्रत्येक टीमची सुरुवात याच वाक्याने झाली. मी आधी त्यांची नियमांची फाइल, म्हणजे प्रकल्पात काय कसं करायचं हे सहायकाला सांगणारी फाइल, उघडायला सांगते. क्लॉड कोड वापरत असतील तर 'क्लॉड डॉट एमडी', कोडेक्स असेल तर 'एजंट्स डॉट एमडी', कर्सर असेल तर 'रूल्स' फोल्डर, कोपायलट असेल तर गिटहबच्या फोल्डरमधली सूचनांची फाइल. दहापैकी आठ वेळा आजार तिथेच सापडतो.

ही फाइल का लागते, ते आधी नीट समजून घ्या. प्रत्येक नवं सत्र सुरू होतं तेव्हा सहायक कोरा असतो. काल तुम्ही तासभर भांडून काय ठरवलंत, ते त्याच्या गावीही नसतं. काही साधनं आता स्वतःहून नोंदी ठेवायला लागली आहेत, पण टीमने मिळून ठरवलेल्या गोष्टी त्या नोंदींच्या भरवशावर सोडू नका. त्या फाइलमध्ये असतील तरच सहायकापर्यंत पोचतात. आणि फाइलमध्ये चुकीचं असेल, तर चुकीचंही तितक्याच इमानाने पोचतं.

शिळी फाइल

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

आम्ही एका दूध संघासाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करत होतो. दुधातलं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) मोजायचा, दरपत्रकातून दर काढायचा आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांचा दूध पगार करायचा. सुरुवातीला रकमा रुपयांत, दोन दशांशांपर्यंत साठवायच्या असं ठरलं होतं आणि नियमांच्या फाइलमध्ये तशी ओळही होती. मग बेरजांमध्ये पैशापैशाचे फरक यायला लागले. ते मिटवायला आम्ही सगळ्या रकमा पूर्णांकात, पैशांत साठवायला लागलो. मायग्रेशन (डेटाबेसची रचना आणि त्यातला जुना डेटा बदलणं) व्यवस्थित झालं, जुना सगळा कोड बदलला, टेस्ट हिरव्या झाल्या. नियमांच्या फाइलमधली ती एक ओळ मात्र कुणीच बदलली नाही. मीही नाही.

पाच महिन्यांनी पशुखाद्याच्या उचलीची कपात पगारात आणायचं काम आलं. मॉड्यूल नवीन, टेबलमधल्या रकान्याचं नाव नुसतं 'रक्कम'. सहायकाने फाइल वाचली, रुपये धरले आणि कपात लिहिली. टेस्टही त्यानेच लिहिल्या, अर्थात त्याच समजुतीवर, त्यामुळे सगळं हिरवं. मी कोड वाचला तेव्हा तो मला स्वच्छ वाटला, आणि होताही स्वच्छ. आत १६०० लिहिलं जात होतं. आमच्या नव्या हिशेबाने ते १६०० पैसे होते.

पगार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "ताई, पेंडीच्या पोत्याची उचल सोळा रुपयेच कशी काय कापली?" तोपर्यंत पैसे बँक खात्यांत गेले होते. सोळाशेच्या जागी सोळा, आणि तेही उचल घेतलेल्या प्रत्येक उत्पादकाला. पुढच्या पगारात जुनी आणि नवी अशी दुहेरी कपात एकदम लावली असती, तर दोन गाईंवर घर चालवणाऱ्याच्या हातात काय उरलं असतं? आम्ही ती वसुली तीन पगारांत विभागली, आणि मी स्वतः दोन संकलन केंद्रांवर सकाळच्या वेळी उभी राहून लोकांना समजावून सांगितलं. किटल्या घेऊन रांगेत थांबलेल्या माणसाला 'फाइलमधली एक ओळ जुनी राहिली' हे सांगताना काय वाटतं, ते मी विसरणार नाही.

त्या दिवसापासून माझ्या काही सवयी पक्क्या झाल्या. जे कोडमध्येच सांगता येतं, ते फाइलमध्ये लिहायचं नाही. रकान्याचं नाव 'रक्कम_पैसे' असतं, तर सहायकाला फाइलची गरजच पडली नसती आणि नव्याने आलेल्या माणसालाही नाही. फाइलमध्ये फक्त कोडला बोलता येत नाही ते ठेवायचं: असं का केलं, अमुक भागाला हात का लावायचा नाही, कुठला जुना निर्णय विचित्र दिसतो पण मुद्दाम घेतलेला आहे. निर्णयांच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर लेखक मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली छोट्या नोंदींची पद्धत मला अजूनही पुरते: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. एका निर्णयाला एक छोटी फाइल, आणि नियमांच्या फाइलमधून तिच्याकडे नुसतं बोट दाखवायचं.

दुसरी सवय म्हणजे, नियम ज्या बदलामुळे शिळा होतो, त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल मंजुरीसाठी मांडतो त्या विनंतीत) तो बदलायचा. 'नंतर करू' म्हणणाऱ्याची रिक्वेस्ट मी मंजूर करत नाही. टीममधल्या पोरांना हे जाचक वाटतं, याची मला कल्पना आहे. शिवाय महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ती फाइल छापील कागदावर वाचते. पडद्यावर डोळा घसरतो, कागदावर घसरत नाही. ज्या ओळीचं कारण कुणालाच सांगता येत नाही, ती काढून टाकते.

यंत्राने लिहिलेली फाइल जशीच्या तशी ठेवणं

क्लॉड कोडमध्ये 'स्लॅश इनिट' म्हटलं की तो प्रकल्प चाळून फाइल तयार करून देतो. सुरुवात म्हणून ती चांगली असते. पण त्यात बहुतेक काय असतं? फोल्डरांची यादी, वापरलेल्या लायब्ररी, कमांड. म्हणजे दोन मिनिटांत सहायकाला स्वतःला शोधता आलं असतं तेच. तुमच्या डोक्यात आहे ते त्यात येत नाही, कारण ते कोडमध्ये नव्हतंच. मी त्या मसुद्यातलं निम्म्याहून जास्त खोडते, टेस्ट आणि बिल्डच्या कमांड ठेवते, आणि मग हाताने लिहायला बसते. पहिल्या दिवशी दहा ओळी पुरतात. पुढे सहायक एकच चूक दुसऱ्यांदा करतो, तेव्हा एक ओळ वाढते.

हजार ओळींची पोथी

फाइल कितीही लांब चालते, हा समज सोडा. ती दर सत्रात संदर्भात, म्हणजे सहायक एका वेळी डोळ्यांसमोर ठेवू शकतो त्या मजकुरात, जाते आणि जागा खाते. त्याहून वाईट म्हणजे महत्त्वाचे तीन नियम 'कोड स्वच्छ लिहा' छापाच्या सत्तर ओळींत बुडून जातात. 'कोड स्वच्छ लिहा' या ओळीने आजवर कुणाचा कोड स्वच्छ झालेला मी पाहिलेला नाही.

इथे एक फसगत नेहमी होते. लोक मोठी फाइल पाच तुकड्यांत वाटतात आणि मुख्य फाइलमधून 'ॲट' चिन्ह लावून ते तुकडे आत ओढतात. दिसायला नीटनेटकं होतं, पण क्लॉड कोडमध्ये असे आयात केलेले तुकडे सुरुवातीलाच सगळे वाचले जातात, त्यामुळे जागा काहीच वाचत नाही. जागा वाचवायची असेल तर त्या त्या उपफोल्डरमध्ये वेगळी फाइल ठेवा. सहायक त्या फोल्डरमधल्या फाइलींवर काम करायला लागतो तेव्हाच ती वाचली जाते. कर्सरमध्ये फाइलींच्या नमुन्यानुसार लागू होणारे नियम लिहिता येतात. आणि क्वचित लागणारी, पायऱ्यापायऱ्यांची कामं, उदाहरणार्थ नवीन अहवाल जोडणं किंवा प्रकाशनाची तयारी, 'स्किल'मध्ये टाका. स्किलचं नाव आणि वर्णन एवढंच आधी दिसतं, बाकी मजकूर गरज पडल्यावर उघडतो. म्हणून ते वर्णन लिहायला वेळ द्या. 'अहवालांसाठी मदत' असं लिहून ठेवलंत तर ते स्किल वेळेवर उघडलं जाईलच असं नाही. 'दूध पगाराचा नवीन अहवाल जोडताना किंवा जुन्याचे रकाने बदलताना वापर' असं लिहा.

कुलूप लावायच्या जागी विनवणी

'जुनी मायग्रेशन फाइल कधीही बदलू नकोस.' मग ठळक अक्षरांत. मग तीन उद्गारचिन्हं. मग 'हे अत्यंत महत्त्वाचं आहे'. एका टीमच्या फाइलमध्ये ही सूचना मी चार जागी वाचली, आणि तरीही सहायकाने जुनी मायग्रेशन बदलली होती. नियमांची फाइल म्हणजे सहायकाला दिलेला मजकूर. तो ती वाचतो आणि बहुतेक वेळा पाळतो. 'बहुतेक वेळा' तुम्हाला चालत असेल तरच तो नियम तिथे ठेवा.

चालत नसेल तर हूक, म्हणजे ठराविक क्षणी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लावा. क्लॉड कोडमध्ये साधन वापरण्याच्या आधी चालणारा हूक असतो. त्यात पाच ओळींची स्क्रिप्ट: बदलायची फाइल मायग्रेशनच्या फोल्डरमधली आहे आणि गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) आधीपासून आहे, तर २ हा एक्झिट कोड (स्क्रिप्ट संपताना देते तो आकडा) देऊन थांब. काम तिथेच अडतं आणि तुम्ही लिहिलेला एररचा मजकूर सहायकाला दिसतो. त्या मजकुरात पुढचा रस्ताही लिहा: 'जुनी मायग्रेशन बदलता येत नाही, नवीन तयार कर.' नुसतं 'परवानगी नाही' लिहिलंत तर तो आडवाट शोधायला लागतो. फॉरमॅटिंग, लिंट (कोडमधल्या ढोबळ चुका शोधणं), टेस्ट यांचंही तसंच. जे यंत्राला तपासता येतं ते यंत्राकडेच सोपवा आणि फाइलमधली ती ओळ काढून टाका. त्या टीमच्या चारही ओळी मी खोडल्या आणि त्यांच्या जागी एक हूक लावला.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

पासवर्ड किंवा टोकन नियमांच्या फाइलमध्ये ठेवू नका. ती फाइल गिटमध्ये जाते आणि मॉडेलकडेही.

'एजंट्स डॉट एमडी' आणि 'क्लॉड डॉट एमडी' दोन्ही वेगवेगळ्या लिहून ठेवल्या, की आज ना उद्या त्या एकमेकींच्या विरोधात बोलणार. 'एजंट्स डॉट एमडी' खरी धरा. 'क्लॉड डॉट एमडी'मध्ये तिला आयात करणारी एकच ओळ ठेवा.

तुमची वैयक्तिक आवड, म्हणजे मराठीत उत्तर दे, थोडक्यात सांग वगैरे, तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइलमध्ये ठेवा. टीमच्या फाइलमध्ये ती नको.

दुसऱ्याची नियमांची फाइल उचलून आणू नका. तिच्यातले निर्णय तुमचे नसतात. शिवाय न दिसणारी युनिकोड अक्षरं घालून अशा फाइलमधून सहायकाला भलतीकडे वळवता येतं, हे सुरक्षा संशोधकांनी मार्च २०२५ मध्ये दाखवून दिलं आहे.

सत्राच्या मध्यात तोंडी सांगितलेला नियम, लांबलेलं संभाषण आवळून त्याचा सारांश केला जाताना गळू शकतो. टिकवायचा असेल तर लगेच फाइलमध्ये लिहा. नवं काम घेताना सत्रही नवं उघडा.

आराखड्याशिवाय धाव

ही माझी दुसरी दुखरी नस. नवशिके एका ओळीत काम सांगतात, सहायक चाळीस फाइली बदलतो, मग ते 'नाही, असं नको' म्हणतात, तो आणखी वीस बदलतो, आणि संध्याकाळपर्यंत कुणालाच काही कळेनासं होतं. मग दोष एआयला. वेग मिळाला म्हणून विचार करायचा वेळ कापायचा नसतो. उलट वेळ वाचलाय तो विचारालाच द्यायचा असतो.

शिस्तीसाठी आयती साधनं आहेत. गिटहबचं स्पेक किट आहे, ॲमेझॉनचं किरो आहे. दोन्हींचा गाभा एकच: आधी गरज लिहा, मग रचना, मग कामांची यादी, आणि मग कोड. छोट्या टीमला मी ही साधनं लगेच घ्यायला सांगत नाही. चार मार्कडाउन फाइलींचा डोलारा उभा राहतो आणि त्या कुणी वाचत नाही. न वाचलेला आराखडा नसलेल्या आराखड्याहून घातक, कारण सगळ्यांना वाटतं की कुणीतरी वाचलाय.

मी काय करते ते सांगते. क्लॉड कोडमध्ये शिफ्ट आणि टॅब दाबून प्लॅन मोडमध्ये जाते. तिथे तो वाचतो, पण काही बदलत नाही. त्याला सांगते: संबंधित फाइली वाच, आराखडा लिही, आणि ज्या गोष्टींना तू हात लावणार नाहीस त्यांची यादी दे. ही शेवटची यादी सगळ्यात उपयोगी. उचलीच्या त्या कामात मी ती मागितली असती, तर 'रकमेच्या एककांमध्ये बदल नाही, फाइलनुसार रुपये' असं काहीतरी लिहून आलं असतं आणि मी तिथेच थांबले असते. आराखडा पटला की तो प्रकल्पातच एका फाइलमध्ये जतन करते, नवं सत्र उघडते आणि तिथून काम सुरू करते. टेस्ट आधी लिहून घेते आणि ती नापास झालेली स्वतः बघते. पैशांच्या टेस्टमधले आकडे मात्र मी स्वतः, हाताने लिहिते, तेही खऱ्या पगारपत्रकातून उचलून.

फाइल नीट झाली की नाही, हे बघायची माझी एक रीत आहे. नवं सत्र उघडायचं आणि टीममध्ये आजच आलेल्या माणसाला विचारावेत असे तीन प्रश्न विचारायचे. दूध संघाच्या प्रकल्पात ते असे आहेत: उचलीची रक्कम कुठल्या एककात साठवतो? दरपत्रक बदललं तर जुना पगार पुन्हा काढायचा का? नवीन मायग्रेशन कशी करायची? प्रत्येक उत्तराबरोबर फाइलचं नाव आणि ओळ मागायची. गेल्या सोमवारी पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं. दुसऱ्याचं 'होय' असं आलं. ते चुकीचं आहे, कारण झालेला पगार आम्ही कधीच पुन्हा काढत नाही, फरक पुढच्या पगारात वेगळी नोंद करून देतो. कारण शोधलं तर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता निर्णयांच्या फोल्डरमध्ये त्याची एक नोंद आहे, आणि झालेल्या पगाराच्या टेबलवर लिहायला बंदी घालणारा ट्रिगर डेटाबेसमध्ये लावला आहे.