‘कुछ नहीं करता, भैया’: दाराशी कुत्रा असणाऱ्यांनो, या चुका टाळा

आषाढी एकादशीला साबुदाणा भिजवायलाच विसरले, म्हणून खिचडी बाहेरून मागवली. इंदूरमध्ये तेवढी चैन आहे, उपासाला घरचा गॅस पेटला नाही तरी कुणाचं अडत नाही. पाऊस होता. डिलिव्हरीवाला मुलगा हेल्मेट, पायघोळ रेनकोट आणि पाठीवरची ती चौकोनी पेटी अशा अवतारात लोकमान्य नगरातल्या आमच्या घराचं फाटक उघडून आत आला. आत यावंच लागलं त्याला, कारण बेल आतल्या खांबावर. मी दार उघडलं, एका हातानं बंड्याचा पट्टा धरला आणि म्हटलं, "आ जाओ भैया, कुछ नहीं करता."

पट्टा माझ्या हातात राहिला आणि बंड्या त्याच्या पोटरीला. मुलानं आधी पिशवी वर धरून खिचडी सांडली नाही ना ते पाहिलं, मग पाय पाहिला. दोन दात लागले होते.

बंड्या सात वर्षांचा, अर्धा लॅब्राडोर, अर्धा गल्लीतला. तोवर कुणाला चावला नव्हता. म्हणजे पुढच्या चुका मी दुसऱ्यांच्या मोजत नाहीये. बहुतेक माझ्याच आहेत.

‘काही करत नाही’ ही खात्री कुणाची?

तुमची. तुमचा कुत्रा तुम्हाला काही करत नाही, आत्याला करत नाही, रोजच्या मोलकरणीला करत नाही. हेल्मेटमुळे चेहरा न दिसणाऱ्या, पाठीवर पेटी घेतलेल्या, घाईनं आत येणाऱ्या माणसाला तो काय करतो, हे तुम्ही कधी पाहिलेलं असतं का?

त्यात दाराशी एक शिकवणी रोज आपोआप चालू असते. सकाळी कचरागाडी येते, कुत्रा भुंकतो, गाडी जाते. दूधवाला येतो, कुत्रा भुंकतो, दूधवाला जातो. कुरिअर, भाजीवाला, तेच. ते जाणारच होते, पण कुत्र्याचा हिशेब असा की मी भुंकलो म्हणून गेले. दिवसाला चार धरले तरी वर्षाला हजाराच्या वर कुस्त्या जिंकलेला पैलवान झाला तो. मग एक दिवस एखादा माणूस जात नाही, दारात उभा राहून ओटीपी मागत बसतो. आता पैलवानानं काय करावं?

‘भुंकणारी कुत्री चावत नाहीत’ ही म्हण कुणी केली देव जाणे. बंड्या भुंकतच होता. शेपूटही हलत होतं. हलणारं शेपूट म्हणजे लाड नव्हे, तो फक्त उत्तेजित झालाय एवढंच त्यातून कळतं. अंग सैल पडून कंबरेपासून सगळा कुत्रा हलत असेल तर निराळं. अंग ताठ, शेपूट उंच, तोंड मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय आणि भुंकता भुंकता तो एकदम गप्प झाला, तर ती गप्पगिरी सगळ्यात वाईट.

पट्टा धरून दार उघडणं

ही चूक प्रत्येक घरात दिसते, कारण त्यात आपण काळजी घेतल्यासारखं वाटतं. खरं तर गळ्यापाशी ओढून धरलं की कुत्र्याचा जोर दुप्पट होतो. पुढे माणूस, मागून ताण. पट्टा सैल असेल तर डोकं सुटतं, घट्ट असेल तर कधी तो वळून धरणाऱ्याच्याच हाताला चावतो. शिवाय एका हातात कुत्रा आणि दुसऱ्या हातात गरम पार्सल, हे सर्कशीत ठीक.

क्रम उलटा करा. आधी कुत्रा दुसऱ्या खोलीत, मग तिथली कडी, मग मुख्य दार. बेल वाजल्यावर पळापळ करू नका. मोबाइलवर स्कूटर कुठल्या चौकात आहे ते दिसतंच, ती जवळ आली की कुत्र्याला आत न्या. तिथे त्याला चघळायला काहीतरी द्या, म्हणजे दोन आठवड्यांत स्कूटरचा आवाज ऐकून तो स्वतःच त्या खोलीकडे निघतो. आमचा निघतो. ही शिक्षा नाही, हे त्याला एकदा पटलं की पुरे.

जाळीच्या दारावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडची जाळीची दारं बहुतेक बाहेर उघडतात आणि दिवसा त्यांना कडी कुणी लावत नाही. पंचवीस किलोच्या कुत्र्याला एक धक्का पुरतो.

बेल कुठे आहे ते आज जाऊन पाहा

हे फार साधं आहे, म्हणून राहून जातं. बेल फाटकाच्या आत असेल तर येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही कुत्र्याच्या हद्दीत बोलावताय. आमच्या गल्लीत मी मुद्दाम पाहिलं, कुत्रा असलेल्या पाच घरांपैकी चारांची बेल आत. एका घरी तर फाटकावर ‘कुत्र्यापासून सावधान’ आणि बेल पाटीच्या पलीकडे दहा पावलांवर. माणसानं पाटी वाचावी की बेल वाजवावी?

पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली असंही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम २८९ होतं, तेव्हा दंड हजार रुपयांपर्यंत.

साखळी बांधत असाल तर ती ताणून मोजा. फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर ती कुठेही पोचता कामा नये. आणि दिवसभर साखळीला असलेला कुत्रा जास्त चिडका होतो, ही राखण नव्हे.

ॲपमध्ये सूचनेची जागा असते, तिथे ‘पेट है’ एवढंच लिहून उपयोग नाही. मी लिहिते: घर में कुत्ता है, गेट मत खोलिए, बाहर हुक पर टाँग दीजिए. हुक खरंच लावलाय, पावसासाठी वर पत्र्याचा तुकडा आहे. ‘पोचल्यावर फोन करा’ असं लिहिलंत तर मात्र फोन उचला. तो उचलला नाही की माणूस फाटकच उघडतो.

फ्लॅट असेल तर

जिना आणि लिफ्ट. तिथे माणसाला मागे सरायला जागा नसते. दोरी आखूड ठेवा, लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढची पकडा. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये पार्सल द्यायला आलेला एक तरुण अंगावर आलेल्या जर्मन शेफर्डपासून पळताना तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि काही दिवसांनी गेला. म्हणजे चावलं नाही तरी माणूस मरू शकतो.

गुरगुरल्यावर रागावणं

गुरगुरणं ही कुत्र्यानं दिलेली सूचना आहे. दर वेळी त्यासाठी फटका बसला तर तो सूचना देणं सोडतो, चावणं सोडत नाही.

तितकंच वाईट म्हणजे डिलिव्हरीवाल्याच्या हातात बिस्किट देऊन ‘दे त्याला, दोस्ती होईल’ म्हणणं. त्याच्या पेटीत पुढच्या ऑर्डरी गार होतायत. कुत्र्याला माणसाळवायचं काम तुमचं, त्याचं नाही.

चावलंच तर

मी पहिल्यांदा काय केलं? हळद आणायला धावले. हळद, चुना, मिरची, तेल, यातलं काही नाही. नळाखाली, साबण लावून, पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावा, कारण आपल्याला वाटतात ती पंधरा मिनिटं खरी तीनच असतात. मग दवाखाना, त्याच दिवशी. टाके शक्यतो घालत नाहीत. कातडी फाटून रक्त आलं असेल तर रेबीजच्या लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, हे डॉक्टरांना स्वतः विचारा.

‘आमच्या कुत्र्याला लस दिलीय, तुला काही नको’, हे तर बोलूच नका. प्रमाणपत्राचा फोटो डॉक्टरांना द्या, निर्णय त्यांचा. कुत्र्याला दहा दिवस घरात बांधून नजरेखाली ठेवा आणि कसा आहे ते त्या माणसाला कळवत राहा. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचल्याची उदाहरणं जगात मोजकीच आहेत, म्हणून इथे अंदाज नको. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्याकडे वीस वर्षांपूर्वीच बंद झाली, आता दंडात घेतात. सरकारी दवाखान्यात सहसा ०, ३, ७ आणि २८ या दिवशी.

हे चार दिवस नीट पाहा. ऑर्डरीमागे पैसे मिळणाऱ्या माणसासाठी ते चार खाडे आहेत. हातात पाचशेची नोट कोंबून दार लावणं ही माफी नव्हे. माझ्या नवऱ्यानं त्याला गाडीवर बसवून हुकुमचंद पॉलिक्लिनिकला नेलं, म्हणजे आपल्या लाल अस्पतालात. पुढच्या तारखांना मी आदल्या रात्री फोन करायचे आणि त्या दिवसाची त्याची कमाई पाठवायचे. पहिल्यांदा तो म्हणाला, "रहने दीजिए मैडम." दुसऱ्यांदा म्हणाला नाही, आणि ते मला बरं वाटलं.

शेजारचे काका अजून म्हणतात, अहो, होळकरांचं गाव हे, खंडोबाचा सोबती तो, त्याला कशाला कोंडता? चंपाषष्ठीला त्याला नैवेद्य आम्हीही वाढतो. पोटऱ्या वाढत नाही.

बेल आता फाटकाच्या बाहेर आहे. वायरलेस बेल भिंतीला चिकटवायला पाच मिनिटं लागली. मध्ये तोच मुलगा दुसऱ्या घरचं काही घेऊन गल्लीत आला होता. आमच्यासमोर थांबला, हेल्मेटची काच वर केली, बेलकडे बघितलं आणि रस्त्यावरूनच विचारलं, "कुत्ता अंदर है ना?" मी हो म्हटलं. तरी तो फाटकापासून दोन हात लांबूनच गेला.